गेममधलं लायसन्स

आमच्याकडे गाडी आली त्या दिवसापासून ती ‘माझी गाडी’ होती. म्हणजे ह्यांची. हार मी घातला, नारळ मी फोडला, कुंकवाचं स्वस्तिक मी काढलं, आणि मग हे म्हणाले, “आता हात नको लावू, बोटं उमटतात.” तेव्हापासून ती बुरहानपूरच्या लालबागेतल्या आमच्या अंगणात राखाडी कव्हर घालून उभी असायची. रविवारी कव्हर निघायचं, गाडी पुसली जायची, फार तर रेल्वे स्टेशनपर्यंत एक फेरी व्हायची, आणि पुन्हा कव्हर. मी शाळेत स्कूटीवर जायची. गणित शिकवते. बावीस वर्षं झाली.

हे तीस वर्षांपासून गाडी चालवतात. आधी कचेरीची जीप, मग स्वतःची गाडी. त्यांच्या हातून आजवर एकही अपघात झालेला नाही, कारण समोरून येणारी माणसं सावध असतात. वळण आलं की हे आधी हॉर्न देतात, मग वळणाच्या मध्यावर ब्रेक मारतात, मग समोरच्याला शिवी देतात. हा क्रम मी तीस वर्षांत एकदाही बदललेला पाहिला नाही.

मला शिकवायचा प्रयत्न त्यांनी एकदा केला. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर गेलो. शिकवणी बारा मिनिटं चालली. त्यातली पहिली सहा मिनिटं सीट पुढे कशी घ्यायची यावर गेली आणि उरलेली सहा “क्लच! क्लच! अगं क्लच म्हणतोय मी!” यावर. मी ब्रेक दाबला. गाडी उडी मारून बंद पडली. ह्यांचं कपाळ समोरच्या काचेपर्यंत जाऊन परत आलं.

“तुझ्याच्यानं नाही व्हायचं,” हे म्हणाले. “बायकांना अंदाज नसतो.”

परत येताना त्यांनी आमच्याच फाटकाच्या खांबाला गाडी घासली. तो खांब, त्यांच्या मते, वाढला होता.

ही गोष्ट जुनी. पुढे बरीच वर्षं मी तो विषय काढला नाही. मग मागच्याच्या मागच्या मे महिन्यात आमची मुलगी इंदूरहून दोन महिन्यांसाठी घरी आली. तिच्या ऑफिसनं घरून काम करायची परवानगी दिली होती. चोवीस वर्षांची पोरगी. दिवसभर लॅपटॉपवर इंग्रजीतून बोलायची आणि पाच वाजले की टीव्हीला एक काळा डबा जोडून गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायची. बुरहानपूरचा मे म्हणजे घराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. कूलर एकाच खोलीत. त्यामुळे गेमही त्याच खोलीत, मीही त्याच खोलीत, आणि हे कचेरीतून आले की हेही.

एके दिवशी तिचा फोन वाजला. “मम्मी, दो मिनिट पकड ना,” म्हणून तिनं तो रिमोट माझ्या हातात दिला. त्याला रिमोट म्हणायचं नाही, कंट्रोलर म्हणायचं, हे मला नंतर कळलं. उजव्या बोटाखाली ॲक्सिलरेटर, डाव्या बोटाखाली ब्रेक, अंगठ्यानं वळायचं. मी उजवं बोट दाबलं. गाडी निघाली, भिंतीवर आदळली, आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. मुलगी फोन ठेवून आली आणि म्हणाली, “फेल झालीस.”

“कशात?”

“लायसन्सच्या टेस्टमध्ये. इसमें पहले लायसन्स लेना पडता है, तेव्हा पुढच्या रेस खेळता येतात.”

बावीस वर्षं मी दुसऱ्यांना नापास करत आले. दहावीच्या पोरांच्या वह्यांवर लाल पेनानं शून्य काढताना माझा हात कधी थरथरला नाही. स्वतः नापास होणं हा अनुभव मात्र मला अगदीच नवा होता, आणि तो मला आवडला नाही. “पुन्हा लाव,” मी म्हटलं.

पहिली परीक्षा अगदी साधी होती. सरळ रस्ता. गाडी जोरात न्यायची आणि शेवटी आखलेल्या चौकटीत थांबवायची. चौकटीच्या पुढे गेलं की नापास, अलीकडे थांबलं तरी नापास. वर घड्याळ पळत असतं. फार वेळ घेतला तर नापास, बरा वेळ आला तर ब्राँझ, मग सिल्व्हर, मग गोल्ड. मी सहा वेळा चौकटीच्या पुढे गेले. सातव्यांदा इतकी घाबरले की चौकटीच्या बऱ्याच अलीकडे उभी राहिले आणि मग बैलगाडीसारखी हळूहळू पुढे सरकले. मुलगी हसून हसून सोफ्यावर आडवी.

तेवढ्यात हे आले. बूट काढता काढता पाहिलं, दोन मिनिटं उभे राहिले आणि हात पुढे केला. “दे इकडे. ब्रेक कसा मारतात ते बघ.”

आम्ही दोघी बाजूला सरकलो. ह्यांनी चष्मा पुसला, मांडी घातली आणि गाडी सोडली. गाडी चौकटीतून अशी निघून गेली की थांबण्याशी तिचा काही संबंधच नव्हता.

“याचा ब्रेकच लागत नाही.”

“लागतो पप्पा, तुम्ही उशिरा दाबता.”

“मी तीस वर्षं गाडी चालवतोय.”

“हो, पण टीव्हीला ते माहीत नाही ना.”

दुसऱ्यांदा त्यांनी ब्रेक लवकर दाबला, पण बोटाऐवजी सगळं अंग मागे झुकवून, आणि गाडी आडवी होऊन गवतात गेली. तिसऱ्यांदा रस्ता निसरडा ठरला. चौथ्यांदा कंट्रोलरची बॅटरी. पाचव्यांदा परदेशी गाडी, त्यात स्टिअरिंग डावीकडे, म्हणून. नऊ वेळा झाल्यावर ते उठले. “खऱ्या गाडीत असं काही नसतं,” म्हणाले आणि नळाला पाणी आलंय का ते बघायला गेले. आमच्या गल्लीत पाणी सकाळी येतं.

त्या दिवसापासून मी मनावर घेतलं. शाळेला सुट्टी होती. दुपारी कैऱ्या चिरून झाल्या, पापड उन्हात घातले, की मी पाच वाजायची वाट बघायची. एक जुनं हजेरीपुस्तक होतं, त्याच्या मागच्या कोऱ्या पानांवर मी लिहून ठेवायला लागले. शिक्षकाची खोड, लिहिल्याशिवाय काही डोक्यात शिरत नाही.

पहिली गोष्ट मी लिहिली ती ही: ‘ब्रेक वेग बघून मारायचा नाही, जागा बघून मारायचा.’ रस्त्याच्या कडेला एक पिवळी पाटी होती. तिच्यापाशी दाबला की गाडी चौकटीच्या थोडी पुढे जायची. पाटीच्या अलीकडच्या खांबापाशी दाबला की बरोबर आत. एकदा खूण सापडली की घड्याळाकडे बघायची गरजच उरत नाही. घड्याळाकडे बघितलं की हमखास चुकतं. परीक्षेतली पोरंही तशीच चुकतात, हे मी त्यांना बावीस वर्षं सांगत होते, स्वतःला सांगायची वेळ आता आली.

मग वळणाच्या परीक्षा सुरू झाल्या. वळणात मी इतकी आपटले की त्या भिंतीची मला सवय झाली. मुलगी शेजारी बसून शेंगदाणे खायची आणि ओरडायची, “मम्मी, दीवार को मत देख! भिंतीकडे बघशील तर भिंतीवरच जाशील. जिथे जायचंय तिथे बघ.” हे मला आधी पटेना. धोका तिकडे आहे तर बघायचं नाही का? पण खरंच, नजर वळणाच्या पलीकडे नेली की अंगठा आपोआप तिकडे जायचा. वहीत लिहिलं. त्याखाली लिहिलं: ‘ब्रेक सरळ रस्त्यावरच उरकायचा. आधी जोरात, मग हळूहळू सोडत. वळणात ब्रेक नाही.’ त्याखाली: ‘चाक सरळ होईपर्यंत ॲक्सिलरेटर नाही.’ त्याखाली: ‘वळताना बाहेरून आत, आतून बाहेर,’ आणि एक आकृती, कंसाची. सगळ्यात शेवटी, दोनदा अधोरेखित: ‘हळू शिरलं की लवकर बाहेर पडतो.’

जून उजाडेपर्यंत माझ्याकडे पहिल्या लायसन्सच्या सगळ्या परीक्षांचं ब्राँझ होतं, तीन सिल्व्हर होती, आणि ब्रेकच्या परीक्षेचं एक गोल्ड. गोल्ड मिळालं तेव्हा मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. हे पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, “खेळणंच आहे ते.”

मुलगी इंदूरला परत गेली, डबा घेऊन गेली. मी दुसऱ्या दिवशी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. ह्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं, आणि मग मी त्यांचं ऐकलं नाही असं झालं असतं.

शिकवायला एक वयस्क गृहस्थ होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. आता मला खरी मान खाली घालावी लागली, कारण गेममध्ये क्लच नव्हता. पाच दिवस मी गाडी फक्त बंद पाडत होते. पेट्रोल पंपासमोर, शाळेसमोर, एकदा तर वरातीच्या बँडसमोर, आणि बँडवाल्यांनी थांबून माझ्यासाठी जागा केली. उस्ताद कधी ओरडले नाहीत. सहाव्या दिवशी एवढंच म्हणाले, “मॅडम, ब्रेक तो आप बढ़िया मारते हो. अब गाड़ी भी चला लो.”

लायसन्सच्या परीक्षेत पहिल्या खेपेला मी नापास झाले. आठ काढताना गाडी बंद पडली. साहेबांनी शांतपणे पुन्हा यायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला पास झाले. ब्राँझ म्हणायला हरकत नाही. लायसन्स पोस्टानं घरी आलं आणि लिफाफा ह्यांच्या हातात पडला. त्यांनी फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “फोटो बरा नाही आला.” मग गाडीचं कव्हर नीट आहे का ते बघायला बाहेर गेले. चावी कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेली, जिथे माझा हात स्टूल घेतल्याशिवाय पोचत नाही.

तशी ती चार महिने तिथे होती. मग दिवाळीनंतर ह्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी धूळ टाळा, वाकू नका, गाडी चालवू नका असं बजावलं आणि डोळ्यांवर मोठा काळा चष्मा दिला. त्याच सुमारास तुकईथडला माझ्या धाकट्या भावानं शेतात नवं घर बांधलं होतं, त्याची वास्तुशांती निघाली. ह्यांनी ओळखीतला एक ड्रायव्हर ठरवला. सकाळी सात वाजता त्याचा फोन आला की त्याच्या सासऱ्यांना बरं नाही. हे काळा चष्मा लावून अंगणात येरझारा घालत राहिले. दुसऱ्याला फोन, तिसऱ्याला फोन. मी साडी नेसून, डबा भरून, स्टूल घेतलं आणि चावी काढली.

“राहू दे ना आता. बसनं जाऊ,” हे म्हणाले.

“धूळ टाळायची आहे,” मी म्हटलं आणि कव्हर काढलं.

फाटकातून गाडी काढताना त्यांनी खाली उतरून मला हातानं दिशा दाखवल्या. डोळ्यांवर काळा चष्मा, दोन्ही हात हवेत. समोरच्या घरातली बाई दूध घेता घेता थांबली. मी आरशात बघितलं आणि गाडी काढली. खांबाला काही झालं नाही.

गावाबाहेर पडेपर्यंत हे बोलत होते. सायकल आहे. म्हैस आहे. रिक्षा आहे. दिसणाऱ्या प्रत्येक वस्तूचं नाव ते मला सांगत होते, डोळ्यांना आराम द्यायला डॉक्टरांनी चष्मा दिला होता तरी. त्यांचा उजवा पाय ब्रेक मारत होता. पायाखालची चटई गोळा झाली. एका वळणावर मी ‘बाहेरून आत’ करायला म्हणून जरा उजवीकडे सरकले आणि समोरून केळीचा ट्रक आला. घडांनी वरपर्यंत भरलेला, एका अंगाला कललेला. मी झटकन आपल्या बाजूला आले.  गेममध्ये सगळा रस्ता आपलाच असतो; समोरून केळी येत नाहीत. ती आकृती मी त्या क्षणी मनातल्या मनात खोडली.

“मरायचंय का?” हे ओरडले. या वेळी त्यांचं बरोबर होतं.

खकनार गावाच्या पुढे रस्ता सागाच्या झाडीतून चढतो, वळणं येतात. तिथे मी प्रत्येक वळणाआधी खूण धरली. एक पांढरा दगड, एक वाकलेलं झाड, मोरीचा कठडा. तिथे ब्रेक, गियर खाली, मग वळण.

“एवढी काय हळू? मागून लोक हसतील.”

“हसू द्या.”

तिसऱ्या की चौथ्या वळणाच्या पलीकडे, अगदी रस्त्यात, कापसाची ट्रॉली उभी होती. ट्रॅक्टरचं चाक निघालेलं, माणसं कडेला बिडी पीत बसलेली. ना पाटी, ना फांदी, ना काही. मी आधीच हळू होते. ब्रेक दाबला, गाडी थांबली. मध्ये एक माणूस आरामात चालून गेला असता इतकी जागा उरली. ह्यांचा पाय चटईवर तसाच दाबलेला होता.  मग म्हणाले, “त्यांनी पाटी लावायला पाहिजे होती.”

“हो,” मी म्हटलं. गियर पहिल्यावर टाकला आणि ट्रॉलीच्या कडेनं गाडी हळूच काढली.

तुकईथडला पोचलो तर भाऊ फाटकापर्यंत धावत आला. “ताई, तू चालवत आणली? खरंच?” तो गाडीभोवती एक फेरी मारून आला, कुठे काही लागलंय का बघत. हे उतरले, चष्मा सारखा केला आणि माझ्याआधी उत्तर दिलं. “मग! शिकवली ना.”

पूजा झाली. पंगत बसली. पुरुष आधी, हे सांगायला नको. मी वरणाचं भांडं घेऊन वाढत होते. ह्यांच्या शेजारी गावातले चार-पाच शेतकरी बसलेले. आणि मला ह्यांचा आवाज ऐकू आला.

“ब्रेक जो आहे ना, तो वेग बघून मारायचाच नाही. जागा बघून मारायचा. एक खूण धरायची.”

मी थांबले. हात वरणाच्या डावावर.

“आणि वळणात तर नाहीच. सरळ असतानाच उरकायचा. आधी जोरात, मग हळूहळू सोडत. हळू शिरलं की लवकर बाहेर पडतो माणूस. हिला मी हेच सांगितलं.”

शब्दन्‌शब्द. अधोरेखित केलेल्या ओळीसकट. म्हणजे ते हजेरीपुस्तक ह्यांनी वाचलं होतं, आणि एकदा नाही, पाठ होईपर्यंत वाचलं होतं. मी शाळेत गेल्यावर, एकटे, कपाट उघडून. मला राग यायला हवा होता. आला पण. पण त्याबरोबर ह्यांनी चष्मा नाकावर घेऊन माझं ते गिचमिड अक्षर लावताना कसं तोंड केलं असेल, ते डोळ्यांसमोर आलं आणि हसू दाबता दाबता डाव वाकडा झाला. कोणाच्या तरी भाजीत वरण पडलं.

हे रंगात आले होते. बोटानं पत्रावळीवर कंस काढून दाखवत होते. “वळताना कसं? बाहेरून आत, आतून बाहेर. अशी लाइन पकडायची.”

एक म्हातारे शेतकरी लक्ष देऊन ऐकत होते. त्यांनी घास गिळला आणि विचारलं, “आन समोरून ट्रक आला तं?”

हे थांबले. बोट कंसाच्या मध्यावरच. वहीत तसं काही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. काळ्या चष्म्यातून काय दिसत होतं देव जाणे.

मला उत्तर माहीत होतं. मी पुढच्या पानावर वरण वाढलं.

“ट्रक सहसा येत नाही,” हे म्हणाले. पंगत एवढी हसली की आतल्या खोलीतल्या बायका बघायला बाहेर आल्या.

आमची जेवणं झाली तेव्हा दुपार उतरली होती. माझी भावजय, म्हणजे त्या नव्या घराची मालकीण, हात पुसत माझ्याजवळ आली. तिच्या आयुष्यात ती बैलगाडीसुद्धा चालवायला कधी बसली नव्हती. ह्या घरात गाड्या पुरुषच हाकतात. “ताई,” ती हळूच म्हणाली, “मला बसू देशील का? नुसती बसते.” पुरुष ओसरीवर लवंडले होते. आम्ही दोघी गाडीत बसलो. नुसती बसून तिचं समाधान होईना. शेताच्या बांधालगतचा रस्ता मोकळा होता. मी तिला क्लच दाखवला, आणि उस्ताद मला जसं सांगायचे तसं, न ओरडता, सांगितलं. चार वेळा गाडी बंद पडली. पाचव्यांदा ती चालली, पन्नास-साठ पावलं, चालत्या माणसाच्या वेगानं. तिनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरलं होतं की कोणी काढून घेईल. “चालतंय,” ती म्हणत होती. “ताई, चालतंय हे.”

ओसरीवरून भाऊ उठून धावत येताना दिसला, त्याच्यामागे हे, चष्मा सांभाळत. भावजयीनं त्यांना पाहिलं, ब्रेक दाबला, आणि गाडी थांबवून मग खिडकीची काच वर केली.

संध्याकाळच्या आत आम्ही निघालो. परतीच्या रस्त्यावर हे म्हशींची नावं सांगत नव्हते. खकनारच्या अलीकडे एकदा विचारलं, “तो ट्रक आला तर काय करायचं असतं?”

“आपली बाजू सोडायची नाही,” मी म्हटलं. “लाइन गेली खड्ड्यात.”

“हं,” ते म्हणाले. आणि पाच मिनिटांत, तोंड उघडं टाकून, झोपले. लालबागेत फाटकाशी पोचेपर्यंत घोरत होते.